हेडला मारलेला पांढरा हात

इंजिनात साचलेला कार्बन घरच्या घरी काढा असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मी ते करून बसलोय, आणि तेही सासुरवाडीला.

रोह्याच्या कंपनीतली नाइट शिफ्ट संपवून मी गाडी तशीच सासुरवाडीला, जोह्याला नेली. सासूबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात रंग मारायचा कंप्रेसर आहे, त्याच्या हवेनं कार्बन उडवू, असा माझा बेत. अंगणात इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उतरवलं, रॉकेलनं धुतलं, हवा मारली, घासून घासून खांदे भरून आले. चकचकीत झालेलं हेड कारखान्याच्या शेडमधल्या फळीवर वाळत ठेवलं आणि पडवीत आडवा झालो.

उठून बघतो तर हेड पांढरंशुभ्र! व्हॉल्व्हच्या भोकांतसुद्धा रंग. दोन्ही बाजूंना गणपती आणि मधे माझं हेड.

"आई गो, काय केलंस ह्ये?" माहेरी आलेली बायको ओरडली.

"फळीवर होतं म्हणून मारला," सासूबाई म्हणाल्या. "फळीवरचं सगळं पांढरं करायचं, त्यात इचारायचं काय?"

"अहो, त्याला सोंड नाय, कान नाय, एवढं तरी बघायचं," मी कसंबसं म्हणालो.

"उंदराला तरी कुठं सोंड हाय? मला वाटलं, पाट असंल."

मी गुपचूप पॉलिश पेपर उचलला, तशा त्या धावत आल्या.

"हात नका लावू, ओला हाय अजून! वाळला की दुसरा हात मारायचाय."