अरफजची जुडी

मी गुरवाची मुलगी, कुडाळकडची. रोज सकाळी देवळातलं कालचं निर्माल्य नदीत सोडायचं काम माझं, वाळलेलं फूल पायाखाली येऊ द्यायचं नाही, कचऱ्यात तर नाहीच नाही, हे वळण बाबांनी हातालाच लावून दिलेलं. पुढे नर्सिंग केलं, कुवेतला आले, आधी जाब्रियात एका दवाखान्यात होते, मग एका कुवेती घरात म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला लागले. त्यांना सगळे यम्मा म्हणायचे, आई म्हणजे, मीही यम्माच म्हणते.

मी रुजू झाले तेव्हा यम्मा खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या, त्यांची खोली तयार ठेवायची होती, आणि खुंटीला ही वाळकी पिवळी फुलं, काड्यांची जुडी, धूळ बसलेली. मला काय माहीत, काय सांगू तुम्हाला, मला ते निर्माल्यच वाटलं. पेपरात गुंडाळली, कपाळाला लावली, संध्याकाळी समुद्रात सोडून आले, वर नमस्कारही केला.

यम्मा घरी आल्या आणि पहिली नजर खुंटीवर. अरफज कुठंय? इथल्या वाळवंटातलं झुडूप ते, उंट खातात, आणि ओलं असलं तरी पेटतं. त्यांची आई तंबूपुढे त्याच्यावर कॉफी करायची. ही जुडी भावानं आणलेली, भाऊ वारला, तेव्हापासून दर शुक्रवारी एकच काडी निखाऱ्यावर टाकायच्या, पुरवून पुरवून.

यम्मांच्या सुनेनं थेट कुमारीला विचारलं. कुमारी श्रीलंकेची, झाडलोट तिच्याकडे. ती म्हणाली, मला माहीत नाही मॅडम. झाडलोट तुझी आणि माहीत नाही? चार दिवसांत तिला परत पाठवलं. आणि मी तिथंच उभी होते, यम्मांचा रक्तदाब घेत. माझा इकामा, इथं राहायचा परवाना, त्याच घरावर. मुलाचं शिक्षण चालू. बोलले नाही. सहा वर्षं बोलले नाही, यम्मा मला म्हणायच्या, तुझ्या गॅसवरच्या कॉफीला दवाखान्याचा वास येतो, मी हसायचे.

यंदा पाऊस बरा झाला. घरच्यांनी वाळवंटात तंबू ठोकले, यम्मांची व्हीलचेअर मी ढकलत होते, तर समोर अरफज पिवळाधमक. तोड गं दोन काड्या, म्हणाल्या. माझा हात पुढं जाईना. तिथंच वाळूत बसले आणि सगळं सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत.

यम्मांनी अरफजकडे बघितलं. मग म्हणाल्या, जुडी माझी होती, ती मी सोडली. कुमारीला काय सांगशील?

ड्रायव्हरकडे तिचा नंबर होता, फोन लावला आणि सगळं सांगितलं. कुमारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सिस्टर, मला माहीत होतं. तुला पेपर कपाळाला लावताना बघितलं मी. तुझ्या देवाचं काहीतरी असेल, तूच सांगशील, म्हणून मी बोलले नाही. गाडी दारात लागेपर्यंत वाट बघितली तुझी.

मग तिनंच विचारलं, यम्मांचा पाय कसा आहे?

आता नवी जुडी खुंटीला आहे. शुक्रवारी काडी मी मोडते, यम्मांच्या बोटांत जोर नाही. माफ केलं असं कुमारी म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. जिथं असेल तिथं सुखी असो बाई.