जागं ठेवणारी गोळी

माझं माहेर वडवणीकडचं, सासर आष्टीकडं, अन दोन्हीकडं पाण्याची बोंब, म्हणून दसरा झाला की कारखान्यावर ऊसतोडीला निघायचं, आजवर तेच चाललंय. आमच्यात नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणत्यात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, एकट्याला कुणी धरत न्हाई.

मालकाला, म्हंजी माझ्या नवऱ्याला, झोपेचा आजार. काय सांगू तुमाला, घास हातात अन माणूस झोपलेला, ऊस तोडता तोडता पाचटावर आडवा. लोक म्हणायचे पिलाय, कुणी म्हणे बाहेरचं हाय, अंगारे झाले, धुपारे झाले. शेवटी बीडला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणला, बाई, हा मेंदूचा आजार हाय, रोज सकाळी एक गोळी दे, जागे राहतील, पर दुसऱ्या कुणाला देऊ नको. मला वाटलं, गोळी चिठ्ठीबिगर मिळत न्हाई, म्हणून जपून वापर म्हणतोय. पहिल्या दिवशी मालक दिवस मावळंस्तवर जागे राहिले, तर मला रडूच आलं.

त्या साली लई कडक दुष्काळ, सगळं गाव कारखान्यावर. माझी जाऊ सखू काविळीनं कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, पडलेली, अन दीर भानुदास एकटाच तोडतोय, एकटाच बांधतोय. मुकादम रोज म्हणायचा, अर्धा कोयता मला काय कामाचा. मग दीर म्हणला, वैनी, दादाची एक गोळी दे. आता कोप्यावर कसं असतंय, मीठ, तेल, डोकेदुखीची गोळी, ज्याच्याकडं असल त्यानं द्यायची, न्हाई म्हणायची रीतच न्हाई. दिली. गड्यानं दोघांचा ऊस एकट्यानं तोडला. मलाच कवतिक वाटलं, खोटं कशाला बोलू. मग रोज एक, मग दोन. जेवण सुटलं, हात कापायला लागले, म्हणायचा, वैनी, छातीत कोंबडं फडफडतंय. तरी मागायचा, तरी मी दिल्या. मीच दिल्या.

एक दिवस दुपारी गाडीपाशी बसला तो उठलाच न्हाई. दवाखान्यात नेला. डॉक्टरनं इचारलं, यानं काय घेतलं व्हतं का, खरं सांगा, औषध त्याच्यावर ठरतंय. सखू माझ्या दंडाला धरून उभी. मी म्हणलं, “काई न्हाई सायेब, उन्हाचं झालंय.” त्यानं परत इचारलं, मी परत तेच म्हणलं. दिवस मावळायला दीर गेला. सांगितलं असतं तर वाचला असता का, हे आता कुणाला इचारू?

राहिलेल्या गोळ्या मी चुलीत घातल्या, पुन्यांदा चिठ्ठी घ्यायला जायची छाती झाली न्हाई. मालक परत झोपूनच असत्यात, त्यांच्याकडं बघवत न्हाई. आता मी अन सखू, दोघी मिळून एक कोयता. ती तोडती, मी बांधती. परवा पाणी पिता पिता म्हणली, “आक्का, तुमी व्हत्या म्हणून मी जगले.” मी खाली बघून मोळी आवळली.

तुमाला सांगितलं, कारण तिला वाचता येत न्हाई. लिहा तुमी. देव तिचं भलं करो, माझं त्याच्यापाशी काई मागणं न्हाई.