डोक्यावर देव, गळ्यापर्यंत पाणी

मी शिवकांता, उदगीरची. बाप धान्याच्या मोंढ्यात मापाडी, अव्वा घरी. अव्वा म्हणजे आई, आमच्या घरात अर्धी कानडी आन् अर्धी मराठी चालते. लातूरला नर्सिंग केलं, पुण्याला जपानी शिकले आन् गेले, चार वर्षं झाली. लोकांना वाटतंय जपान म्हणजे नुसत्या उंच इमारती. काय सांगू तुम्हाला, माझं गाव आपल्या रेणापूरपेक्षा बारकं हाय. एका अंगाला समुद्र, एका अंगाला डोंगर, आन् मधी जिमिनीतून उकळतं पाणी येतंय, गटारीतून सुदिक वाफा निघतात. भर दुपारी रस्त्यावर मांजर दिसंल, माणूस न्हाई. उदगीरच्या माणसाला पाणी म्हणलं की टँकर आठवतंय, आन् तिथं गरम पाणी दिवसरात वाहून चाललंय. पयला आठवडा माझा जीव नुसता हळहळला, कुणीतरी तोटी बंद करा म्हणून.

काम म्हाताऱ्या लोकांच्या आश्रमात. उठवायचं, भरवायचं, त्या गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं. तिथं एक आजी हाय, तवा एक्याण्णव वर्षांची, मी तिला अज्जी म्हणते, तिलाबी ते आवडलं. जवानीत ती समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायची, दम धरून, नळी न्हाई काय न्हाई. आता एक पाय लुळा. तिची एकच इच्छा, समुद्राच्या काठाला गावाचं गरम पाण्याचं कुंड हाय, बुड्या मारून आल्यावर सगळ्या बाया तिथं बसायच्या, तिथं एकदा बसायचं. आत उतरून धरायला माणूस पायजे, तर म्हणली ही पोरगी धरंल. मी म्हणलं हाव. मला वाटलं सलवार गुडघ्यापर्यंत वर करायची आन् उतरायचं, आपण नदीला उतरतो तसं.

तर कुंडाच्या दारात एक बाई बसलेली असते, ती म्हणली आत कपडा चालत न्हाई, दोरासुदिक पाण्यात न्यायचा न्हाई, कायदा सगळ्यांना सारखा. आता लाजेचं एक राहू द्या, आमच्यात पोरगी न्हाणीत पण परकर सोडत न्हाई. पण आम्ही लिंगायत. लेकरू जन्मलं की जंगम स्वामी येऊन गळ्यात लिंग बांधतात, माझं चांदीच्या डबीत हाय, दोऱ्यात. ते अंगावरून उतरत न्हाई. झोपताना न्हाई, आजारात न्हाई. मी अज्जीची चाकाची खुर्ची फिरवली आन् दारातूनच माघारी आले. ती एवढंच म्हणली की आज वारा लई हाय. वारा बिलकूल नव्हता बगा. मला जेवण गेलं न्हाई त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढं बसले, डबी उघडली, तळहातावर लिंग घेऊन दाखवलं, सगळं सांगितलं. तिनं वाकून नीट बघितलं. मग इचारलं, ह्याला पाणी आवडत न्हाई का. म्हणलं आवडतंय की, आम्ही रोज घालतो. मग काय तकलीफ हाय. म्हणलं माझ्यापासून लांब ठेवता येत न्हाई, आन् पाण्यात न्यायची मनाई हाय. तिथं कुंडात जाताना प्रत्येकीजवळ एक बारका टॉवेल असतो, तो पाण्याला लागू द्यायचा न्हाई, म्हणून घडी करून डोक्यावर ठेवतात. अज्जीनं तिचा टॉवेल घेतला, घडी घातली, माझ्या डोक्यावर ठेवला आन् वर बोट दाखवलं, हितं बसव.

मी अव्वाला फोन लावला, अव्वा गल्लीतल्या स्वामींकडं गेली. स्वामी म्हणले, अंगाला टेकून हाय न्हवं, मग हरकत न्हाई. अव्वानं वरून इचारलं, अंगावर बाकी काय असतंय गं. मी म्हणलं अव्वा, रेंज जायलीय.

गेलो. डबी टॉवेलात, टॉवेल डोक्यावर करकचून बांधलेला. लाज किती वेळ, दहा पावलं. वाफेत कोण कुणाला बघतंय. अज्जीला कंबरेत धरून उतरवलं, पाणी गळ्यापर्यंत आलं, आन् तो लुळा पाय आपोआप वर तरंगला. ती हसायला लागली, कुठल्या खडकामागं बुडी मारायची ते दाखवायला लागली. मधीच माझ्याकडं वळली, माझ्या डोक्याकडं बघितलं, आन् पाण्यातूनच दोन्ही हात जोडले. दारातली बाई बघत होती, तिनं काय दिसलंच न्हाई असं करून तोंड फिरवलं. काय सांगू, मला रडूबी आलं आन् हसूबी. त्या दिवसापासून ते गाव मला परकं वाटलं न्हाई.

आता महिन्याच्या सुट्टीवर आले. सगळे इचारतात, एकटी कशी राहतीस गं त्या मुलखात. एकटी कुठं हाय. अज्जी आता त्र्याण्णवची हाय, लई विसरते, लेकीचं नाव विसरली, माझं तर कवाच विसरली, मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारते. पण कुंडाच्या काठाला गेलो की थांबते, सोताच्या डोक्यावर हात ठेवून इचारते, बसला का नीट. मी हाव म्हणल्याबिगर पाण्यात पाय घालत न्हाई. देव तिला सुखात ठेवो, आन् मी परत जाईपर्यंत तरी ठेवोच.