एक वेळूची, एक लाकडाची

रुपराव : पण ह्या चारही काड्या वेळूच्याच काहून केल्या, मामाजी? काल मी बजावून गेलो होतो. दोन वेळूच्या, दोन लाकडाच्या.

नत्थूजी : गेला असशील. सायकलवरून पाय तरी खाली टेकवला काय तू? म्हटलं घाईत उलटसुलट बोलून गेला. जोडी म्हणजे जोडी. चारही एका वेळूच्या आहेत, एकाच उन्हात वाळलेल्या. बोट फिरवून पाहा, कुठं कुसळ लागते का.

रुपराव : नाही लागत.

नत्थूजी : लागणारच नाही. एक काडी हलकी, एक जड, अशानं घास उचलते का कोणी? बुरडाच्या घरून असं बेजोड सामान जाते काय? तुमची जपानी बाई काय म्हणंल मले?

इंदूबाई : अन् इतक्या लांब कायले पाहिजेत तिले? कढईतले भजे काढते काय त्यानं? तिले सांगजो रुपराव, हारूबाई, महिना झाला, तुनं आमच्या बुरडओळीत तोंड नाही दाखवलं. बंगल्यातली बाई, आता कशाले येते बुरडाच्या अंगणात.

रुपराव : मावशी, जरा हातातलं काम ठेवा.

इंदूबाई : भाकर थापून राहिली मी. बोल तू.

रुपराव : हारूबाई वारली. परवा सकाळी.

इंदूबाई : अजी, तव्यावरची भाकर काढा. करपून राहिली.

नत्थूजी : काढली. काय झालतं तिले?

रुपराव : कावीळ. महिनाभर अंथरुणावर होती. डॉक्टर घरी येये, सुई देये. शेवटी त्यानंही हात टेकले. तिच्या नवऱ्यानं, आमच्या साहेबानं, इथंच घाटावर अग्नी दिला. त्याच्या कारखान्यातले चार लोक होते, अन् मी.

इंदूबाई : अन् काल तू इथं आला, अन् काड्या सांगून निघून गेला.

रुपराव : तुम्ही उंबऱ्यात बसल्या होत्या. मले पाहून हसल्या. मग माझ्यानं नाही सांगणं झालं.

नत्थूजी : तिसरा दिवस म्हणजे आज राख सावडायची.

रुपराव : हो. नऊ वाजता. साहेब नाक्यावर जीपमधी बसून आहे. त्या काड्या त्याच्यासाठीच पाहिजेत.

नत्थूजी : कायले? आज जेवणार आहे काय तो?

रुपराव : जेवायच्या नाहीत, मामाजी. अस्थी वेचायच्या आहेत. त्यांच्यात हाडाले हात नाही लावत. काड्यांनीच उचलतात.

नत्थूजी : ज्यानं जेवायचं, त्यानंच?

रुपराव : मी बी हेच विचारलं. त्याची हिंदी अन् माझी इंग्रजी, दोन्ही लंगड्या, पण पोहोचतात कशातरी. साहेब म्हणे, म्हणूनच एक वेळूची अन् एक लाकडाची. जेवायची जोडी सारखी, मयताची जोडी बेजोड. मयताच्या कामात सारं उलटंच करतात म्हणे, म्हणजे ते जित्या माणसाच्या ताटात येत नाही.

नत्थूजी : आपणही तर उलटंच करतो. उलटे फेरे, मडक्याले भोक. माझा बाप तिरडीचा वेळू देताना पाठ फिरवून देये. माणूस तो घेऊन गेल्यावरच वळून पाहे. कोणी शिकवलं असंल त्याले? अन् त्या लोकाइले तिकडं समुद्रापल्याड कोणी शिकवलं?

रुपराव : मले बी तेच नवल वाटलं.

नत्थूजी : अन् मी रातीपर्यंत बसून चारही सारख्या करत होतो.

इंदूबाई : हारूबाई हसे बहुत. पहिल्या दिवशी आली तव्हा आठवते तुले? तुझ्यापायीच आली होती.

रुपराव : माझ्यापायीच. आधीच्या बंगल्यात पंधरा वर्षं मी काटे-चमचे घासले. काटा ओळखू येये, सुरी ओळखू येये. नव्या घरी कामाले लागलो अन् पहिल्याच दिवशी ओट्यावर ह्या काड्या दिसल्या. म्हटलं शिलगावण ठेवली आहे. शेगडीत घातल्या.

नत्थूजी : आईच्या हातच्या होत्या म्हणे त्या.

रुपराव : तिच्या आईनं लग्नात दिलेल्या. ती रागावली बी नाही. दुसऱ्या दिवशी टांगा केला अन् मले म्हणे, चलो, बनानेवाला दिखाओ. दुसरी कोणी असती तर मले बंगल्याबाहेर काढलं असतं.

इंदूबाई : इथं ह्याच गोणपाटावर बसली ती. ह्याइनं काड्या तासल्या तोवर मी भाकर, भात अन् वांग्याची भाजी वाढली. चमचा नव्हता घरात, म्हटलं आता कशी जेवते ही. तर तिनं बाही वर केली अन् हातच घातला. मग भातात बोट घातलं अन् थांबली. बोट पाहे, भात पाहे.

रुपराव : मले घरी जाताना म्हणे, भात ऊन असतो हे जिभेले माहीत होतं, बोटाले आज समजलं. तीस वर्षांची बाई. अन् तिले काटा आवडे नाही बिलकुल. साहेबाचे गोरे पाहुणे आले का मी काटे-सुऱ्या मांडो, तर ती म्हणे, हत्यार चुलीपाशी ठेवायचं, ताटापाशी कायले? जे मेलं आहे त्याले पुन्हा भोसकायचं कायले?

इंदूबाई : अन् मले काडी धरायले तिनंच शिकवलं. एक काडी बसून राहते, एक हलते, बस. मुरमुरे सांडले इथं सूपभर अन् मी एकेक उचले. ह्याइले नाही जमलं.

नत्थूजी : मले करायच्या येतात, तेवढं पुरे.

रुपराव : मावशी, म्हणूनच आलो मी. नुसत्या काड्यांसाठी तर शिपाई बी धाडता आला असता.

इंदूबाई : म्हणजे?

रुपराव : ते काम एकट्यानं होत नाही. दोघं लागतात. एकानं काडीनं हाड उचलायचं, दुसऱ्यानं आपल्या काडीनं ते घ्यायचं अन् मडक्यात ठेवायचं. काडीवरून काडीवर. साहेबाचं इथं कोणी नाही. मले म्हणे, रुपराव, ह्या शहरात काडी धरता येते असा एक तरी माणूस आहे का? मी म्हटलं, एक आहे.

नत्थूजी : आपल्यात बाया घाटावर जातात काय?

रुपराव : नाही जात, मामाजी. पण दुसरं कोणी नाही.

इंदूबाई : मी नाही येत.

रुपराव : मावशी —

इंदूबाई : बायामाणसाचं सोड, रुपराव. तेवढ्यासाठी मी थांबली नसती. मी येत नाही कारण तिनं माझ्या हातचं घेतलं नाही.

नत्थूजी : कधी? भाकर तर खाल्ली तिनं.

इंदूबाई : भाकर खाल्ली. पण काडी शिकून झाली, पहिला मुरमुरा उचलला मी, असा अधांतरी धरला. वाटलं शिकवलं हिनं, तर पहिला घास हिले द्यावा. तिच्या काडीपाशी नेला. तिनं हात मागं घेतला. झटकन. जसं विंचू आला समोर. तोंड उतरलं तिचं. मुरमुरा पडला खाली. अन् मले समजलं.

नत्थूजी : काय समजलं?

इंदूबाई : जे आपल्या सगळ्याइले समजते. तुमच्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतत. मी लहान असताना चहावाल्याकडं आमच्या कपाचा खुंटा वेगळा होता. मले वाटलं, हिच्याही देशात तेच आहे. उंबऱ्यापर्यंत गोड, अन् हातापाशी आलं का झालं.

रुपराव : दोन वर्षं हे मनात घेऊन बसल्या तुम्ही?

इंदूबाई : बसली. अन् अजून सांगतो. दुसऱ्या दिवशी मी कुंभारबावडीवरून नवी कपबशी आणली. फडताळावर ते पाहा, निळ्या फुलाची. ती आली का तिले त्याच्यात चहा द्यायचा अन् मग वेगळं धुऊन वर ठेवायचं. ती म्हणे, सुंदर आहे. तिले वाटे, खास तिच्यासाठी आणली. खासच होती.

नत्थूजी : मले तर म्हणत होती का पाहुणीसाठी आहे.

इंदूबाई : तुमाले काय सांगू?

रुपराव : मावशी, मी आता सांगतो ते नीट ऐका. काडीवरून काडीवर त्यांच्यात एकच गोष्ट देतात. फक्त अस्थी. दुसरं काहीच नाही. जेवताना कोणी तसं केलं, तर घरातला म्हातारा उठून हातावर मारते. तुम्ही तिच्यापुढं मुरमुरा धरला, अन् तिले वाटलं असंल, आत्ताच घरात कोणी मेलं.

इंदूबाई : मग सांगायचं नं मले. तोंड नव्हतं काय तिले?

रुपराव : त्या दिवशी टांग्यात ती रडली. मले म्हणे, उनको बुरा लगा, कैसे बोलूँ. मी म्हटलं, सांगून द्या नं कारण. तर म्हणे, त्याइनं मले अन्न वाढलं, त्याइच्या घरात बसून मी मरणाचं नाव कसं काढू? नंतर दोनदा तुमच्याकडं निघाली सांगायले अन् दोनदा तेच म्हणे. हे इतकं मोठं आहे हे मले आज सकाळी साहेब बोलला तव्हा समजलं. मी रस्ताभर तेच घोकत आलो.

इंदूबाई : आमच्या घराले जपून राहिली ती.

रुपराव : हो.

इंदूबाई : अन् मी तिची कपबशी वेगळी धुये.

नत्थूजी : रडजो नंतर वं. रुपराव, कसं करतात ते काम, पुरं सांग. करायचंच तर नीट झालं पाहिजे.

रुपराव : पायापासून सुरू करतात. आधी पायाची हाडं मडक्यात. मग गुडघा, मग कंबर, मग हात, असं वर वर. डोकं शेवटी.

नत्थूजी : पायापासून काहून?

रुपराव : म्हणजे मडक्यात माणूस उभा राहते. डोक्यावर नाही पडत.

नत्थूजी : उभा राहते.

रुपराव : अन् सगळ्यात शेवटी गळ्यातलं एक लहान हाड. साहेब म्हणे, नीट पाहिलं तर त्याच्यात बुद्ध बसलेला दिसते. हात जोडून. मामाजी, छप्पनच्या धम्मदीक्षेत मी बापाचा हात धरून मैदानात उभा होतो, सोळा वर्षांचा. तव्हापासून बुद्धाले फोटोत पाहिलं, मूर्तीत पाहिलं. प्रत्येक माणसाच्या गळ्यात तो असा बसून असंल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. साहेब बोलला तव्हापासून मी गळ्याले हात लावून पाहून राहिलो.

नत्थूजी : चाळीस वर्षं मी तिरड्याइले वेळू देऊन राहिलो. आडवाच नेतो आपण माणूस. कोणी त्याले उभं केलं असं नाही ऐकलं मी.

इंदूबाई : किती वाजले?

रुपराव : आठ वाजून गेले.

इंदूबाई : लाकूड कोणतं लागते?

रुपराव : कोणतंही. साधं, बिनरंगाचं.

नत्थूजी : घरात लाकूड कुठं आहे? बुरडाचं घर आहे, ज्याले हात लावशील तो वेळू. वखारीत जाऊन येईपर्यंत नऊ वाजतील.

इंदूबाई : हे घ्या.

नत्थूजी : लाटणं?

इंदूबाई : सागाचं आहे. सरळ आहे. उभं चिरा, दोन निघतील.

नत्थूजी : अन् सणाच्या पोळ्या कशानं लाटशील?

इंदूबाई : भाकरीले हात आहे माझा. ह्याच लाटण्यानं तिनं पुरणपोळी लाटली होती, आठवते? चार कोपऱ्यांची झाली, पुरण सारं बाहेर. अन् म्हणे, नक्शा. तिच्या गावाचा. आम्ही तिच्या गावाचा नक्शा तूप घालून खाल्ला. चिरा तुम्ही.

(नत्थूजी लाटणं दोन पायांत उभं धरतो आणि कोयत्यानं चिरतो.)

नत्थूजी : वेळूच्याही ह्याच मापाच्या तोडतो. दीड वीत राहील. रुपराव, साहेबाले चालंल नं?

रुपराव : चालंल.

नत्थूजी : टोक बारीक करू का?

रुपराव : थोडं. हाड नाजूक असते म्हणे. भाजून हलकं होते.

नत्थूजी : हे पाहा. एक पिवळी, एक तांबडी. बेजोड. आयुष्यात पहिल्यांदा असं सामान हातातून देऊन राहिलो, अन् ह्याच्यापेक्षा नीट काही केलं नसंल मी.

इंदूबाई : अजी, मी जाऊ नं?

नत्थूजी : मले कायले विचारतं? तूच एक आहे गावात, म्हणून तर तो दारात आला. पदर नीट घे. पायात वहाणा नको घालजो.

इंदूबाई : मी गेल्यावर फडताळावरची ती कपबशी खाली काढजा. आपल्या कपाइतच ठेवजा. येताना साहेबाले घेऊन येईन, चहाले. त्यानं कोणत्याही कपात घ्यावा.

रुपराव : चला मावशी. तो वाट पाहत असंल.

इंदूबाई : थांब जरा. तिथं खाली पडलं काही तर?

नत्थूजी : नाही पडत. डब्यात मुरमुरे आहेत. एक उचलून मले दे, मी दुसऱ्या जोडीनं घेऊन पाहतो. जमलं तितकं. हात बसंल तुझा.

इंदूबाई : नको, अजी. घरात नाही करत तसं.