भिंतीपलीकडची यमू

सन १९३१ च्या उन्हाळ्यात नरडाणा स्टेशनच्या बाकावर माझ्याशेजारी दोघी गाडीची वाट पाहत होत्या. एक शेतकरीण, दुसरी शहरातली, कपाळ मोकळं, मांडीवर चित्रांचं पुस्तक.

“हाई काय शे, बाई?”

“लहान मुलांच्या गोष्टी. मीच लिहिल्यात.”

“माय वं! तुम्हना पोरे वाचतस का?”

“मला मूलबाळ नाही. धुळ्याला एकटीच असते.”

“मंग गल्लीना पोरे येतस ना, ऐकाले?”

“विधवेच्या ओट्यावर कोण पाठवतंय? शेजारची यमू मात्र हेच पुस्तक रोज मोठ्यानं वाचते. मी भिंतीला टेकून ऐकते. त्यातल्या एका गोष्टीत कासव पाहुणं म्हणून जातं, तिथं ती हसते. रोज हसते.”

“तुम्ही लिखं, तिले ठाऊक शे?”

“पुस्तकावर ‘एक भगिनी’ एवढंच छापलंय.”

“मंग सांगा ना तिले!”

“सांगितलं, तर तिची आई पुस्तक काढून घेईल.”

“गाडीले येळ शे. माले वाची दखाडा, ते कासवनं.”

“मोठ्यानं?”

“हा, मोठ्यानं.”

“घरी मी कधी मोठ्यानं वाचलंच नाही हो. त्या भिंतीतून पलीकडेही ऐकू जातं.”