जेनीचा गाऊन मी आधी कम्प्युटरवर शिवला

माझं नाव फिलोमीना, पन फिलू म्हटल्याशिवाय वसईच्या ह्या सांडोर गावात मला कोनी ओळखनार नाय. मी मूळची इथली नाय हां, मी किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, बाप होडीवर, आय सुकी मच्छी विकायची, म्हनून माझं बोलनं हे असं, पानी म्हनते, कोन म्हनते, आनि सासर केळीच्या वाडीतलं, त्यांची बोली वेगळी. लग्न होऊन आले तेव्हा सासू म्हनायची ह्या पोरीला आधी बोलायला शिकवा, मी म्हटलं तुम्हीच शिका माझ्याकडून, आनि काय सांगू तुम्हाला ताई, पुढं पुढं ती पन मला फिलू पानी आन म्हनायला लागली, मजेनं. शिवन मी माहेरीच शिकले, सिस्टरांच्या वर्गात. पोरींच्या पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक, शाळेचे युनिफॉर्म, आनि नवरीचे गाऊन. गावातल्या निम्म्या नवऱ्या माझ्या हाताखालून गेल्यात, खोटं वाटलं तर कोनाचाही अल्बम काढून बघा.

तर जेनी माझी एकुलती पोरगी, आयर्लंडला नर्स आहे. तिचं लग्न ठरलं, मुलगा आपल्याच वसईतला, नोकरी तिकडंच, आनि लग्न इथं, नाताळानंतर. मी फोनवर म्हटलं जेनी, कापड बघायला घेते हां, तर ती म्हनते मम्मी तू कशाला दगदग करतेस, मी यायची लग्नाच्या आठवड्यात, तू माप कधी घेनार नि फिटिंग कधी करनार, मी इथून रेडीमेड घेऊन येते. मला लागलं ते, खरं सांगते. लोकांच्या पोरींना मी नटवायचं आनि माझी पोरगी दुकानातला गाऊन घालून देवळात जानार, आम्ही चर्चला देऊळच म्हनतो. मी म्हटलं मापं पाठव, मी शिवते. आनि नाय बसला तर मम्मी, ऐन वेळेला मी काय घालू? बरोबरच होतं तिचं, म्हनून तर जास्त दुखलं. शेवटी म्हनाली, कसा दिसेल ते आधी दाखव मला, मग मी ठरवते. आता न शिवलेला गाऊन दाखवायचा कसा, तुम्ही सांगा.

नालासोपाऱ्याहून एक सुषमा येते माझ्याकडं ब्लाउज शिवून घ्यायला. ती घरात बसून बिल्डर लोकांना फ्लॅटची चित्रं करून देते, न बांधलेल्या घरात सोफाबिफा मांडून दाखवते, कम्प्युटरवर. त्या दिवशी कामाची घाई म्हनून लॅपटॉप घेऊनच आली. मी तिची बाही उसवत होते आनि तिच्या पडद्यावर एक खुर्ची होती, तिनं खुर्ची गर्रकन फिरवली, कडांवर लाल रेघा मारल्या, बटन दाबलं, तर खुर्चीचं सगळं कव्हर उलगडून सपाट, पाठ इकडं, बैठक तिकडं. मी म्हटलं अगं सुषमा, ही तर कटिंग आहे. ती हसली, म्हनाली काकी, शिवनच मारली मी त्याला. मी बाही सोडली आनि तिला धरलं, हे कितीला मिळतं गं, ती म्हनाली फुकट आहे काकी, नेटवरून उतरवायचं. न बांधलेलं घर दिसतं तर न शिवलेला गाऊन का नाय दिसनार? मग ठरलं, मी तिचे ब्लाउज शिवायचे आनि तिनं मला शिकवायचं.

जेनीचा जुना कम्प्युटर होता, तो दुपारी जेवनं झाली की मी शिवनमशीनशेजारी लावायची. सुषमानं ते त्यात उतरवून दिलं, उघडलं की मधोमध एक चौकोनी ठोकळा बसलेला. सुषमा म्हनाली पहिलं काम म्हनजे तो पुसा. मी म्हटलं का गं, कोनी एवढा बनवून ठेवलाय बिचाऱ्यानं, तर म्हनते सगळे पुसतात काकी, तो पुसायलाच असतो. मी नाय पुसला, बाजूला सरकवून ठेवला. मग माउसचं मधलं चाक फिरवलं तर मी त्या ठोकळ्याच्या पोटात शिरले, सगळं करडं, बाहेरची वाट काही सापडेना. आमचे मिस्टर केळी उतरवून आले, मागं उभं राहून म्हनतात, फिलू, ठोकळा कुठं गेला? मी म्हटलं मी त्याच्या आत आहे. ते म्हनाले मग जेवायला तरी बाहेर ये.

पन एक गोष्ट कळली आनि मी वेडीच झाले. दोन बटनं दाबली की केलेलं उलटं फिरतं. ताई, मी आयुष्यभर साटीनला कात्री लावताना श्वास रोखलाय, एकदा कापलं की कापलं, देव आला तरी जोडनार नाय. आनि इथं मी मुद्दाम वाकडं कापायची, मग उलटं फिरवायची, परत कापायची, पोरीसारखी हसत बसायची एकटी. दुसरं आवडलं ते आरसा. अर्धं अंग बनवलं की दुसरं अर्धं आपोआप, आपन कापड घडीवर कापतो ना, तसंच.

जेनीनं मापं पाठवली, इंचात, तिचं अंग बनवायला मी तशीच घातली. पडद्यावर काहीच दिसेना, नुसती भिंत. सुषमाला फोन केला, ती म्हनाली काकी, ते मीटरमध्ये मोजतंय. माझी जेनी छातीत चौतीस मीटर झाली होती, देवळाचा मनोरा तिच्या कमरेला आला असता. मिस्टर म्हनाले, एवढं साटीन वसईत मिळनार नाय.

मग गाऊनचे तुकडे केले, पुढचा, पाठीचा, बगलेच्या पट्ट्या, चार कोनांची बारकी बारकी ठिगळं जोडत जायचं असतं त्यात. तुकडे अगदी झकास, गळा काय, बाहीचा मुंढा काय, आनि कापड अंगावर सोडायचं बटन दाबलं, तर गाऊन थरथरला आनि फाटून चिंध्या उडाल्या. परत केलं, परत चिंध्या. एवढी चिडले की कम्प्युटरवर मशीनचं कव्हर टाकून वाडीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सुषमा आली, जवळ जाऊन बघते तर हसता हसता खालीच बसली. शिवनीसाठी जास्तीचं कापड सोडतो ना, माया म्हनतात शिंपी लोक, ती मी प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी सोडलेली, म्हनून एकावर एक कापड चढून ते एकमेकांना ढकलत होतं. काकी, इथं दोरा नाय, काठाला काठ चिकटवा. कळत होतं मला, पन हात ऐकायचा नाय, काठाला नेमकं कापायचं म्हटलं की बोटं आपोआप बाहेर सरकायची. किती दिवस लागले ती सवय मोडायला.

जेनी फोनवर विचारायची मम्मी काय झालं, इथं सेल संपत आलाय, मी घेऊन टाकू का? मी म्हनायची थांब, रविवारी दाखवते. शनिवारी गाऊन घातला त्या अंगाला आनि बघते तर मापं सगळी बरोबर, पन ती जेनी दिसेना, दुकानातली बाहुली उभी केल्यासारखी. मग ध्यानात आलं. लहानपनी ती पेरूच्या झाडावरून पडली होती, गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हापासून डावा खांदा जरासा खाली. टेपला सापडत नाय ते, पन तिचा प्रत्येक युनिफॉर्म मीच शिवलेला. मी आरसा काढून टाकला, डावा खांदा खाली ओढला, थोडं जास्त झालं, उलटं फिरवलं, परत ओढला. आनि अगदी जेनी उभी राहिली माझ्यासमोर, बाजारातून येऊन पिशवी ठेवायच्या आधी उभी राहते तशी.

रविवारी देवळातली मिस्सा झाल्यावर सुषमानं व्हिडिओवर फोन लावून दाखवलं तिला, गोल फिरवून. जेनीनं तोंड बाजूला वळवलं, मला वाटलं आवडला नाय. मग बघते तर पोरगी रडतेय. म्हनाली, मम्मी, इथं दुकानात सगळे गाऊन माझ्या ह्या खांद्यावरून घसरतात, ती बाई म्हनते सरळ उभी राहा. एवढंच म्हनाली, आनि मग म्हनाली, काप तू कापड. मी पन रडले, सुषमा पन रडली, मिस्टर म्हनाले आता ह्या कम्प्युटरला छत्री लावा.

कापड कापलं, ह्या वेळेला माया ठेवून, आनि शिवला. जेनी आली, घातला, चेन वरपर्यंत गेली, आनि एक टाका पन मारायला लागला नाय. इतक्या वर्षांत प्रत्येक नवरीच्या मागं मी टाचन्या तोंडात धरून देवळाच्या दारात वाकलेली असायची, मिस्सा सुरू झाली तरी माझं लक्ष खालच्या काठावर, कधी एका नवरीचा चेहरा धड बघितला नाय मी. ह्या वेळेला हात रिकामे. सगळ्यांत पुढच्या बाकावर बसले, मिस्टरांच्या शेजारी, आनि नुसती बघत होते माझ्या पोरीला.

आता बोळिंजची एक नवरी आहे, दुबईला असते, तिचं अंग बनवायला घेतलंय. माप पाठवताना पोट आत घेतलंय तिनं, मला कळतं. चहा घ्या ताई, गार होतोय, आनि तुमची पोरगी लग्नाची झाली की माझ्याकडं या, सुखाचं होऊ दे तिचं, आनि तुम्ही पन पुढच्या बाकावर बसा.