कॉम्प्युटरला दिलेला कूलर

मी सुमन, मूळची शिंदखेड्याकडची, पण वडील रेल्वेत गँगमन होते म्हणून लहानपण बठ्ठं नरडाण्याच्या स्टेशनाजवळ गेलं. माय लवकर गेली, मंग वडील गेले, राहिला एक भाऊ, दगडू. लग्न झालं होतं माझं, पण काय सांगू तुम्हाला, सांगण्यासारखं त्यात काही नाही, नवऱ्यानं दुसरी आणली न मला म्हणे राहायचं तर राहा, मी नाही राहिली. भावाकडे आली. भाऊ वाईट नाही हो, मुळीच नाही, पण त्याच्या घरात पाहुणे आले की भावजय सांगे, ह्या आमच्याकडेच असतात. नणंद म्हणत नसे, नाव घेत नसे, नुसतं ह्या आमच्याकडे असतात. 

म्हणून मी धुळ्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला, तेव्हा तो नवाच निघालेला, न धरणगावला एका जिनिंगमध्ये कामाला लागली. कापसाच्या गाड्या काट्यावर येत, मी तिथल्या कॉम्प्युटरवर वजनाच्या पावत्या काढी. राहायला पत्र्याची खोली घेतली. पहिल्या दिवशी खोली झाडली, स्टोव्ह पेटवला, चहा केला, एकटीनं पिली न खूप रडली, कशासाठी ते आजही सांगता येणार नाही. पण खोली माझी होती. तिच्यात मी सगळ्यात आधी कूलर घेतला, पत्र्याचाच, मागं वाळ्याच्या ताट्या असलेला. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच शे, पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. आणखी एक होतं, कूलर घरघर करी ना, तर खोलीत कोणी तरी असल्यासारखं वाटे.

मंग चैत्र लागला न कॉम्प्युटर दुपारचा अडकू लागला. सकाळी चांगला चाले, ऊन चढलं की पडद्यावरचं बठ्ठं थिजून जाई, माऊस हलेना का काही होईना, थोड्या वेळानं आपोआप बंद. बाहेर गाड्यांची रांग, शेतकरी माझ्या नावानं खडे फोडू राहिले. जिनिंगचे शेठजी म्हणाले, बाई, हे असं चालायचं असेल तर डबा धुळ्याला परत जाईल न तुम्हीही मोकळ्या. मोकळ्या म्हणजे कुठं, तर भावाकडे.

ज्या दुकानातून कॉम्प्युटर आणला तिथं शरदभाऊ म्हणून इंजिनिअर होते, त्यांना फोन लावला. ते म्हणे अक्का, डब्याला हात लावून पाहा, तापला का. मी म्हटलं चटका बसतो. म्हणे मंग कूलर चालू शे का. मी म्हटलं कूलर नाही इथं, वर पंखा शे. ते म्हणे काय म्हणता, कूलरशिवाय चालवू राहिले तुम्ही? प्रोसेसर जळून जाईल, आधी कूलर बसवा. दुकानात गर्दी असावी, फोन ठेवून दिला त्यांनी.

शेठजींना सांगितलं तर ते म्हणे आम्ही घामानं निथळतो न डबड्याला कूलर? मंग मी काय केलं, माझा कूलर हातगाडीवर टाकला न ऑफिसात आणला, कॉम्प्युटरच्या तोंडासमोर ठेवला. हमाल हसत. एक म्हणे अक्का, त्याले सरबत भी पाज. म्हटलं हसा. खोलीवर मी ओली चादर अंगावर घेऊन पडे, ती कूस बदलेपर्यंत वाळून जाई, न घरघर नाही म्हणून डोळाही लागत नसे.

सुरुवातीला फरक पडला, का मलाच वाटला, देव जाणे. पण नंतर जो बंद पडला तो सुरूच होईना. शेठजींनी भावाला निरोप धाडला, बहिणीला घेऊन जा. दगडू आला, ऑफिसातल्या बाकड्यावर बसला, म्हणे चाल वं घर. न तेवढ्यात शरदभाऊ आले धुळ्याहून, डबा न्यायला.

नेण्याआधी त्यांनी डबा उघडला. आत पाहते तर काय, जिनिंगमधला कापसाचा तूस उडून आत गेलेला न माझ्या कूलरच्या ओल्या हवेनं जागच्या जागी चिकटलेला, दवाखान्यातल्या बोळ्यासारखा. ते म्हणे ही ओल कुठून आली. मी बोट दाखवलं. म्हणे हा कोणी ठेवला. म्हटलं तुम्हीच सांगितलं ना, कूलर बसवा. त्यांनी कपाळाला हात लावला न असे हसले, असे हसले, शेठजी हसले, दगडूही हसला. म्हणे येडी व्हयनी का तू? मला नाही हसू आलं. मी म्हटलं हसा तुम्ही, मी माझा कूलर ह्याला देऊन पत्र्याखाली भाजू राहिली, मला त्या घरी परत जायचं नव्हतं म्हणून. दगडूसमोरच बोलून गेली. मंग शरदभाऊंनी डब्यात बोट दाखवलं.

शरदभाऊ म्हणे अक्का, हा कूलर. प्रोसेसरच्या डोक्यावर एक चिमुकला पंखा होता न त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. ह्यालाच आमच्यात कूलर म्हणतात, चूक माझी झाली, मी विचारायला पाहिजे होतं. त्यांनी तो काढला, ब्रश माझ्या हातात दिला, पट्ट्यांमधला तूस मला सुईनं उपसायला लावला. खालचा लेप चुन्यासारखा वाळून सुटला होता, तो पुसून नवा पांढरा लेप लावला, पंखा बसवला, वरच्या पंख्याखाली डबा वाळवला न बटण दाबलं. सुरू झाला. भर दुपार गेली, नाही अडकला.

शेठजी म्हणाले राहा बाई. मी दगडूकडे पाहिलं, म्हटलं मी नाही येत. तो म्हणे बरं. न त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसलं हो. माझ्या मनासारखं झालं होतं, तरी ते मला फार लागलं.

शरदभाऊ जाताना म्हणे दर शनिवारी तूस काढत जा, न बिघडलं तर फोन करा. मंग म्हणे जेवल्या का अक्का? इतक्या दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी काढला तूस. यंत्र बिघडलं नाही, म्हणून कोणाला यायचं कारण पडलं नाही. एखाद्या शनिवारी ब्रश हातात घेऊन मी नुसती बसून राही, वाटे, नको काढू, अडकू दे, फोन लावता येईल, कोणी तरी येईल. पण अडकलं तर खोली जाईल. मंग काढी. तो कॉम्प्युटर गेला, दुसरे आले, माझंही काम आता सुटलं, पण खोली शे. दगडू दिवाळीला निरोप धाडतो, स्वतः येत नाही, सुखी राहो बिचारा. तुम्ही आल्या, एवढा वेळ बसल्या, भलं होवो तुमचं. हे बठ्ठं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, लपवायचं होतं असं नाही, कोणी विचारलंच नाही.